साठ मिनिटांची कॅसेट

या मंडळी, जवळ सरकून बसा, चोपड्याची एक गोष्ट सांगतो. पुष्पाबाईच्या आईला, भिकुबाईला, बाई म्हणून सप्ताहात कीर्तनाला उभं राहू दिलं नाही, तेव्हा ती लेकीच्या ओट्यावर उभी राहिली. ते कीर्तन भरायला पुष्पाबाईनं साठ मिनिटांचीच कॅसेट निवडली. नव्वदची फीत पातळ, टेपमध्ये गुंतते. पुढं माउली गेली. एक दिवस दीर सुपडू आपल्या वरातीसाठी त्याच कॅसेटवर सिनेमाची गाणी भरायला निघाला. “वहिनी, म्हातारीनं कीर्तन कोन ऐकस?” पुष्पाबाईनं कॅसेट ओढून घेतली, अंबाड्यातला आकडा काढला आणि नवं काही भरता येऊ नये म्हणून तिच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडले. भोकं बुजवली की पुन्हा भरता येतं, हे ठाऊक असलेला सुपडू हसला, “भोकांत कागद कोंबसू.” “कोंबा भाऊजी. मंग वरातपुढे मीच कीर्तन करसू. माले बठ्ठं, सुरूपासून शेवटपर्यंत, पाठ शे.” कीर्तन ऐकाल तेव्हा भिकुबाईला आठवत जा.