कुत्र्याचा घास

गुंड्यानं पुन्हा कान खाजवून रक्त काढलं होतं. गोपिकानं ते कापसानं पुसलं, मलम लावलं आणि तिथंच फरशीवर बसून राहिली. शेल्टरमधून आणलेलं कुत्रं हे. आलं तेव्हाच अर्ध्या अंगावर केस नव्हते. ॲलर्जी आहे, बहुतेक खाण्यातली, असं डॉक्टर म्हणाले. गहू, दूध, चिकन, सगळं बंद. भगर, लाल भोपळा आणि उकडलेली मासोळी, एवढंच द्यायचं, तेही बिनमिठाचं. दुसरा एक तुकडा जरी पोटात गेला तरी सगळी मेहनत पाण्यात. बिचारीनं एक दिवस चुकवला नव्हता, आणि खाज मात्र काही केल्या हटत नव्हती.

"रविवारी परत सोडून येऊ," तिचा नवरा उन्मेष कालच म्हणाला होता. "आपल्याकून नाही होऊन राहिलं. त्याचे हाल काहून करतं?" हाल तर होतच होते.

सासरे गोपाळराव जेवायला बसले. तिनं ताट वाढलं आणि पुन्हा एकदा विचारलं, "बाबा, खरं सांगा, तुमी याले काही देत तं नाही ना?"

"तुयी शप्पथ, बेटा. डॉक्टर नाही म्हणते तं मी कायले देऊ? माझं काय वैर आहे त्याच्याशी?"

गोपाळराव तोंडाचे फटकळ, भिवापुरी मिरचीचा ठेचा ताटात नसला तर उठून जाणारे. पण खोटं बोलायचे नाहीत. तिला ते पक्कं ठाऊक होतं.

एरवी या वेळी ती आत गरम पोळ्या लाटत असायची. आज पोळ्या आधीच उरकल्या होत्या, म्हणून ती तिथंच थांबली. गोपाळरावांनी हात जोडले, पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि ताटाशेजारी ठेवला. गुंड्या शहाण्यासारखा आला, तुकडा उचलून गट्ट केला आणि जाऊन बसला. गोपाळराव जेवू लागले.

"बाबा! हे काय दिलं त्याले?"

गोपाळरावांनी ताटाकडं पाहिलं, मग कुत्र्याकडं. खरोखरच गोंधळले.

"कुठं दिलं? घास काढला. कुत्र्याचा घास काढल्याबिगर जेवाव का माणसानं?"

"पण खाल्ला ना त्यानं!"

"मंग घास कोण खाईन वं?"

"रोज काढता?"

"दोन्ही टाईम," ते अभिमानानं म्हणाले.

गोपिकानं कपाळावर हात मारून घेतला. हसावं की रडावं, तिला कळेना. "अवो बाबा, गव्हाची पोळी आहे ते! तेच तं बंद आहे. त्याच्यापायीच परत सोडाची पाळी आली याच्यावर."

गोपाळरावांचा हात थांबला. "पह्यले बाहेर टाकत होतो," ते हळूच म्हणाले. "हा आला तं म्हटलं, आता घरचाच आहे."

"आता पुन्हा बाहेरच टाका ना."

"घरचं जनावर तोंडाकडे पाहून राहिलं असताना?"

"मंग याच्या भांड्यातलं उचलून द्या."

"असं नाही चालत, बेटा. घास आपल्या ताटातलाच लागते."

ते अर्ध्या ताटावरून उठले. रात्री गोपिकानं उन्मेषला सगळं सांगितलं आणि महिनाभराची मुदत मागून घेतली. सासऱ्यांचं काय करायचं, ते मात्र तिला सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पोळी वाढायला घेतली, तर गोपाळरावांनी ताटावर हात आडवा धरला.

"हे नको. त्याचंच वाढ मले."

"बाबा, त्याच्यात मीठही नाही हो."

"वाढ म्हटलं ना."

तिनं भगर वाढली, भोपळा आणि मासोळी वाढली. गोपाळरावांनी हात जोडले, पहिला घास ताटाशेजारी काढून ठेवला. गुंड्या आला, खाऊन गेला. दुसरा घास त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला आणि डोळे मिटून कसाबसा गिळला.

"बापा रे," ते म्हणाले. मग ठेच्याची वाटी तिच्याकडं सरकवली. "हे आत नेऊन ठेव, बेटा. वास येते."