डोंगरावरचा नवा सूर

वादळानंतर क्लिव्हिन तिसऱ्यांदा डोंगर चढला होता. "गेले गुडघे," म्हणत, दार सताड उघडं टाकून तो टॉवरखालच्या खोलीत टेकला आणि त्याने रिपीटरला नवा सूर लावला. हा बारीक सूर सोबत आल्याशिवाय रिपीटर कुणाचाच आवाज पुढे पाठवत नाही. सूर कोणता, हे त्याने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. आता पुन्हा उतरायचं आणि गावातला एकेक वॉकीटॉकी त्यावर लावायचा.

तेवढ्यात हातातला सेट खरखरला. "दवाखान्यातून नर्स युडॉक्सी. ऐकू येतंय का कुणाला?"

"युडॉक्सी, तुझ्या सेटवर नवा सूर कुणी लावला?"

"क्लिव्हिनकाकांनी. आत्ताच."

"अगं, क्लिव्हिन मी! मी अजून वरच आहे."

ती हसली. "नक्कल झकास करतोस रे. काका इथे माझ्यासमोर कोको पितायत. घ्या काका, तुम्हीच बोला."

पलीकडे कुणीतरी थकून सुस्कारा सोडला.

"गेले गुडघे," क्लिव्हिनचाच आवाज म्हणाला. "वर कुणी नाही, पोरी. मी कडी घालून आलोय."

क्लिव्हिनने मान वळवली. दार बंद होतं. कसाबसा उठून त्याने ते ढकललं.

बाहेरून कडी होती.