वेदनातंतू

आरशासमोर दंड फुगवून उभा असलेला सुहास चौगुले एकदम कंबर धरून खाली बसला. बरगड्यांखाली अशी कळ उठली होती की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जिमचे प्रशिक्षक इरफानसर धावत आले.

"स्टेरॉइडची सुई घेतोयस ना?"

"सहा आठवडे झाले, सर," सुहास कण्हत म्हणाला. आता सर खडसावणार असं त्याला वाटलं, पण ते त्याच्याजवळ फरशीवरच बसले आणि त्यांनी बाही वर सारली. हातभर डायलिसिसचे वण होते.

"मीही घ्यायचो. तेव्हा मूत्रपिंडात तुझ्यासारखे, इजा झाली की दुखणारे वेदनातंतू बसवायची सोय नव्हती. माझी मूत्रपिंडं मुक्यानंच मेली रे. तुझी ओरडतायत. ऊठ, डॉक्टरांकडे जाऊ."

नुकसान अजून आवरता येईल, असं डॉक्टर म्हणाले. सुहासने त्याच दिवशी सुया बंद केल्या. ध्यास घेतलेली शरीरसौष्ठव स्पर्धा हुकली.

नवव्या दिवशी पहाटे त्याने सरांना फोन लावला. "सर, दुखायचं थांबलं."

पलीकडून सर म्हणाले, "वाचलास, लेका."

"तुमच्यामुळे, सर," सुहास म्हणाला, "आणि त्या दुखण्यामुळे."