नाजियाचा ताईत

लातुरातल्या क्लासवाल्यांच्या इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडून करीम घरामागं शिसं वितळवायचा. सात वर्षांच्या लेकीला, नाजियाला, पाढे आठवेनात. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं रक्त तपासून बजावलं, “हिच्या अंगात शिसं भिनलंय. धूर आणि धूळ घरात नको.” करीमनं भट्टी शहराबाहेर नेली. त्याची बायको गौसिया ओल्या फडक्यानं घर पुसायची. सहा महिन्यांनी रिपोर्ट आला, शिसं दुप्पट. “सगळं पाळलं की, सिस्टर!” गौसिया रडकुंडीला आली. नाजिया गळ्यातला ताईत चोखत होती. “हा कशाचा?” सिस्टरनं विचारलं. “शुद्ध शिशाचा. आजार कळला तवाच ह्यांनी ओतला. धूर न्हाई, धूळ न्हाई.” सिस्टरनं कात्री काढली. गौसियानं पोरीला मागं ओढलं. “याच्यावरच तर तगून हाय पोरगी!” दवाखान्याच्या दारात तपासणीला गल्लीतली सतरा लेकरं उभी होती. प्रत्येकाच्या गळ्यात करीमनं सवाबासाठी, पुण्य म्हणून, फुकट ओतलेला ताईत होता.