शून्य म्हणजे काय?

"शून्य आलं म्हणजे पंप बंद झाला, असं तुम्हाला सांगितलं कोणी?" मी सगळ्या ऑफिससमोर सबनीसांवर ओरडले. "लिनक्सवर शून्य म्हणजे काम झालं. विंडोजच्या या कॉलमध्ये शून्य म्हणजे काम फसलं! शेंबड्या पोरालाही कळतं हे."

पाणीयोजनेचा आमचा प्रोग्राम त्यांनी लिनक्स या कॉम्प्युटर सिस्टीमवरून विंडोजवर आणला होता. पंपाला 'बंद हो' सांगणारा कॉल, म्हणजे प्रोग्रामने सिस्टीमला दिलेली आज्ञा, फसला, उत्तर शून्य आलं, आणि पंप बंद झाला असं समजून प्रोग्राम गप्प बसला. विहिरीतलं पाणी संपलं तरी पंप कोरडाच फिरत राहिला आणि जळाला. चार दिवस झाले, गाव टँकरसमोर रांगा लावतंय.

चूक ज्याची, त्याने स्वतःच्या हाताने फळ्यावर आपलं नाव लिहायचं आणि महिनाभर ते पुसायचं नाही, हा नियम मीच केलेला. मी मार्कर त्यांच्या टेबलावर आपटला. "लिहा."

सबनीसांनी मार्करला हात लावला नाही. त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. दोन्ही सिस्टीमचे कॉल शेजारीशेजारी मांडलेला तक्ता. या कॉलच्या ओळीत दोन्हीकडे लिहिलं होतं, 'शून्य म्हणजे यशस्वी'. अक्षर माझं होतं.

"मी दोनदा विचारलं होतं, मॅडम. तुम्ही म्हणालात, बारा वर्षं हेच करतेय, मला शिकवू नका."

"मग तिसऱ्यांदा का नाही विचारलंत?" मी किंचाळले.

सबनीसांनी मार्कर उचलला, टोपण काढलं आणि माझ्यापुढे धरला.