दुपारी एकची बाग

लादीवाल्याने पांढऱ्या फक्कीची पहिली रेघ ओढली, तशा सिस्टर चपला काढून वाफ्यांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. रेघ त्यांच्या पायाशी येऊन थांबली.

"सिस्टर, बाहेर या," सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले. "ठराव झालाय."

शनिवारची संध्याकाळ होती. माणसं कामावरून परतून इमारतीच्या मागच्या अंगणात जमली होती. सोळा घरांपैकी पंधरा घरांनी सही केली होती. बाग काढायची, लादी बसवायची, गाड्या लावायच्या. सोळावी सही सिस्टरांची होती आणि ती काही केल्या मिळत नव्हती.

सिस्टर इस्पितळातून निवृत्त झालेल्या. इमारतीत कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं, कुणाची जखम धुवायची असली, की त्यांनाच हाक. बागही अशीच आपसूक त्यांच्या गळ्यात पडली होती. पहिली तीन वर्षं त्यांनी एका गुळगुळीत पानांच्या पुस्तकात बघून ती केली. पुस्तक थंड मुलखातलं. त्यातली हिरवळ आणि नाजूक रोपं तिन्ही उन्हाळ्यांत करपून गेली. चौथ्या वर्षी त्यांनी पुस्तक मिटलं आणि डोक्यावर ओला रुमाल टाकून भर उन्हाळ्यात, दुपारी दोनला, गावभर फिरायला लागल्या. या वेळेला जे मान टाकत नाही तेच आपल्या बागेत लावायचं, एवढा एकच नियम. बस आगाराच्या भिंतीशी कण्हेर सापडली, तिच्या फांद्या आणल्या. लोहाराच्या भट्टीशेजारी तेलाच्या फुटक्या डब्यात चिनी गुलाब रसरसून फुलला होता. याला पाणी घालायचं मला आठवतही नाही, असं लोहाराने सांगितलं. त्या डब्यातल्या मूठभर काड्यांवर सिस्टरांनी अख्खं अंगण भरलं.

वाफे आखताना मात्र त्यांनी कहर केला. दोरी लावायची, जिना चढून वरून बघायचं, खाली येऊन दोरी हातभर सरकवायची, की पुन्हा जिना. आठ दिवस हेच. एवढं करून वाफे झाले ते तिरकेच. इमारतीजवळ अरुंद, लांब जावं तसे रुंद. म्हातारीला ऊन लागलं, यावर पंधरा घरांचं एकमत झालं.

"यात फूल कुठंय?" अध्यक्षांनी विचारलं. वाफ्यांत तांबूस, मांसल काड्या आडव्या पसरल्या होत्या आणि टोकांना चुरगळलेल्या कागदासारखं काहीतरी मिटून बसलं होतं. "मी सकाळी सातला जातो, संध्याकाळी सातला येतो. आजवर एक फूल दिसलेलं नाही. ही घोळ आहे, घोळ. उपटून भाजी तरी करा."

लोक हसले. लादीवालाही हसला.

"ती रोज फुलतात," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही नसता. उद्या दुपारी एकला या. त्यानंतरही लादी घालायची असेल, तर दोरीचं एक टोक मी धरीन."

रविवारी दुपारी माणूस रस्त्याकडच्या हॉलमध्ये पडदे ओढून झोपतो, हे अध्यक्षांनी समजावून पाहिलं. कुणी उन्हाचं सांगितलं, कुणी रक्तदाबाचं. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. तासाभराने डास चावायला लागले, तेव्हा सगळे कबूल झाले.

दुसऱ्या दिवशी एक वाजता कुणी डोक्यावर टॉवेल घेऊन आलं, कुणी वर्तमानपत्र. अध्यक्ष मोठी काळी छत्री उघडून आले. जिन्याखालून अंगणात पाऊल टाकलं आणि जो तो उंबऱ्यातच थबकला. मागचे पुढच्यांवर आदळले. काल जिथे काड्या होत्या तिथे आज काडी दिसत नव्हती. लाल, केशरी, पांढरी, राणी रंगाची, पिवळी फुलं उन्हाकडे तोंड करून सताड उघडली होती. मधमाश्यांचा आवाज भिंतीपर्यंत भरला होता. लादीवाल्याने फक्कीची पिशवी खाली ठेवली आणि याची एखादी काडी मिळेल का, असं हळूच विचारलं.

अध्यक्ष तसे सरळ मनाचे. ते अंगणाच्या मध्यापर्यंत चालत गेले, वाकून बघितलं, पाकळीला बोट लावलं.

"मान्य," ते म्हणाले. "फुलं आहेत. पण सिस्टर, या वेळेला इथे असतं कोण? बघायलाच कुणी नाही, तर ही बाग कुणासाठी?"

 सिस्टर मान वर करून इमारतीकडे बघत होत्या, म्हणून अध्यक्षांनीही बघितलं.

अंगणाकडे प्रत्येक घराची एकेक मागची खोली होती. लहान, अडचणीची. म्हातारी माणसं त्यांत असायची. आत झळा येऊ नयेत म्हणून उन्हाळ्यात या खिडक्या लावून घेतात. आज एकूण एक उघडी होती. एकीत टक्कल चमकत होतं, एकीत जाड चष्मा. पहिल्या मजल्यावरची, अगदी समोरची, खिडकी अध्यक्षांच्या स्वतःच्या घराची होती. त्यांच्या आईचं कमरेचं हाड मोडून दीड वर्ष झालं होतं. सकाळी त्यांनीच तिला चहा पाजला, तेव्हा पलंग आतल्या भिंतीशी होता. आता तो खिडकीला लागला होता आणि पाठीशी दोन उशा घेऊन आई खाली बघत होती. रोजच्या जागेवर माणूस बसतं तशी.

"बाळ्या," ती वरून म्हणाली, "ती छत्री बंद कर आधी. पिवळा वाफा झाकलास."