चाल : निरंक

सॅक्सोफोनवाल्याने चौथ्यांदा दम घेतला आणि कानसेन खुर्चीत ताठ झाले.

सकाळचे अकरा. परवाना कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावरची तपासणीची खोली. बंद खिडक्या, एक पियानो, तीन वादक आणि त्यांच्यासमोर दोन खुर्च्या. बाहेर कुठेही वाजवायचं असेल तर आधी इथे वाजवून दाखवायचं, असा नियम होता. गाण्यांचे शब्द तपासायला एक बाई होत्या. बिनशब्दांचं सगळं कानसेनांकडे. मन लावून ऐकतो तो कानसेन. हे पगारी कानसेन, म्हणून कचेरीनेच ते नाव ठेवलेलं. जॅझ आलं की ते डोळे मिटून ऐकायचे आणि फॉर्मवर लिहायचे : शब्द निरंक, चाल निरंक, आशय निरंक. सरकारी कागदात रकाना मोकळा सोडता येत नाही. काही नसलं, तरी ते नाही असं लिहून द्यावं लागतं.

आज डोळे मिटायची सोय नव्हती. शेजारच्या खुर्चीत नवे साहेब बसले होते.

"याला शेंडा ना बुडखा," साहेब कुजबुजले. "संगीत म्हटलं की माणसाची मान तरी डोलते. हे असं अधांतरी का वाटतं हो, कानसेन?"

"चाल काढून घेतात, साहेब."

"कोण?"

"हेच लोक. आधी एक साधी चाल ठरवतात. एकदा वाजवतात आणि बाजूला ठेवून देतात. मग तिघंही ती मनातल्या मनात म्हणत राहतात आणि वाजवतात ते तिच्या आजूबाजूचं. घरातलं माणूस नाहीसं झालं की कसं, नाव कोणी काढत नाही, पण सगळं बोलणं त्याच्या खुर्चीला वळसा घालून चालतं."

"पण यांनी तर एकदाही वाजवली नाही."

"नाही वाजवली."

"मग ऐकणाऱ्याने काय करायचं? कपाळ बडवायचं?"

"ज्याला चाल ठाऊक असते, त्याच्या मनात ती आपोआप सुरू होते. बाकीच्यांना नुसती आदळआपट."

बोलून झाल्यावर कानसेनांनी जीभ चावली. कारण त्यांच्या मनात ती सुरू झाली होती.

ती चाल ज्या गाण्याची, ते सरकारने तीन वर्षांपूर्वी बंद केलं. नुसतं गाणं बंद झालं असतं तर एक वेळ चाललं असतं. ते ठाऊक असणंही बंद झालं. अख्ख्या देशाने आठवडाभरात ते विसरून दाखवलं. ज्या आया ते म्हणत पोरांना निजवायच्या, त्या आता नुसत्या थोपटत होत्या. आणि इथे पियानोवाला त्याच्या खालून जात होता, सॅक्सोफोनवाला वरून, ड्रमवाला दाराशी उभा राहिल्यासारखा हळूच टकटक करत होता. तिघांच्या मधोमध एक भोक होतं आणि ते बरोबर त्या गाण्याच्या मापाचं होतं.

लिहिलं, तर हे तिघे गेले. आणि 'तुम्हाला कसं कळलं?' असं विचारल्यावर चौथे आपण. नाही लिहिलं आणि साहेबांनी ओळखलं, तर पहिले आपण. शब्दवाल्या बाईंच्या नजरेतून गेल्या महिन्यात एक ओळ निसटली होती. एकच. त्यांचा स्वेटर अजून त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर होता. शिपाई झाडू मारताना ती खुर्ची सोडून मारायचा.

वाजवणं थांबलं. पियानोवाल्याने हात मांडीवर घेतले. ड्रमवाला आधीच घट्ट असलेला एक स्क्रू पुन्हा घट्ट करू लागला. वर कोणीच बघेना.

"लिहा," साहेब उठत म्हणाले. "मला तर काही कळलं नाही. तुम्हाला?"

"नाही, साहेब."

"मग झालं तर."

साहेब खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि रुमालाने चष्मा पुसू लागले. कानसेनांनी 'शब्द' पुढे निरंक लिहिलं. 'चाल' पुढे पेन टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका पसरत चालला.

तेवढ्यात खोलीत कोणीतरी गुणगुणू लागलं. हळू, नाकातल्या नाकात. पहिली ओळ. मग दुसरी, तिच्यातल्या त्या छोट्याशा वळणासकट, जिथे लहान मुलांचा दम हमखास पुरत नाही.

कानसेनांनी घाबरून आपल्या तोंडावर हात ठेवला. तोंड बंद होतं.

त्यांनी वादकांकडे पाहिलं. तिघेही दगड झाले होते. सॅक्सोफोनवाला डोळे विस्फारून खिडकीकडे बघत होता.

तिसऱ्या ओळीच्या मध्यावर रुमाल थांबला. गुणगुणणंही थांबलं. चष्मा साहेबांच्या हातातच होता. मानेवर, कॉलरच्या वर, घामाचा एक थेंब आला आणि आत गेला. खाली रस्त्यावर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"कानसेन," साहेब मागे न वळता म्हणाले. आवाज साहेबांचा वाटत नव्हता. "मी आत्ता काही गुणगुणत होतो का?"

कानसेनांनी ठिपक्यावरून पेन उचललं.

"निरंक, साहेब."